मिठाईतला पिवळा रंग: टार्ट्राझिनबद्दल पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांतीचा हलवा, पाडव्याच्या गाठी, उन्हाळ्यातला बर्फाचा गोळा, गणपतीतले मोतीचूर, दिवाळीची जिलबी. पुण्यात पिवळं-केशरी खाणं बारा महिने समोर येतं. त्यातला बराचसा रंग केशराचाही नसतो आणि आंब्याचाही नसतो. तो बहुतेक वेळा टार्ट्राझिन या कृत्रिम रंगाचा, किंवा त्यात दुसरा रंग मिसळून केलेल्या छटेचा असतो. या रंगाविषयी एकीकडे ‘विष आहे’ असे व्हॉट्सॲप संदेश फिरतात आणि दुसरीकडे ‘इतकी वर्षं खातोय, काय झालं’ असं म्हटलं जातं. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून जाते, ती म्हणजे प्रमाण. म्हणून पालक, बचत गटाच्या ताई आणि घरून मिठाई विकणारे नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

टार्ट्राझिन म्हणजे नेमकं काय?

लिंबासारखी पिवळी छटा देणारा, पाण्यात सहज विरघळणारा कृत्रिम रंग. तो १८८४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला. रसायनशास्त्रात तो ‘अझो’ गटात मोडतो. या गटातले रंग पूर्वी कोळशाच्या डांबरापासून बनत, आता कच्चा माल खनिज तेलातून येतो. ‘पेट्रोलचा रंग’ हे विशेषण त्यावरूनच आलं. पण कच्चा माल कुठला यावरून तयार पदार्थ घातक की निर्धोक हे ठरत नाही, त्यासाठी त्या पदार्थाचीच तपासणी करावी लागते. टार्ट्राझिनची ती अनेकदा झाली आहे.

खाल्ल्यावर तो जसाच्या तसा फारच थोडा रक्तात जातो. बाकीचा मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात आणि त्याचे तुकडे लघवी-शौचावाटे बाहेर पडतात.

पाकिटावर तो कोणत्या नावाने लिहिलेला असतो?

भारतात ‘आयएनएस १०२’ किंवा नुसता ‘१०२’, युरोपातून आलेल्या मालावर ‘ई १०२’ आणि अमेरिकी मालावर ‘यलो ५’. घटकांच्या यादीत शेवटी ‘मान्यताप्राप्त कृत्रिम खाद्यरंग’ असे शब्द आणि पुढे आकडे दिसतात. त्यात १०२ असेल तर टार्ट्राझिन आहे. १०२ आणि ११० एकत्र दिसले तर केशरी छटा, कारण ११० म्हणजे सनसेट यलो. १०२ आणि १३३ एकत्र दिसले तर हिरवी, कारण १३३ म्हणजे ब्रिलियंट ब्लू. हिरव्या खस सरबतात किंवा पिस्ता आइस्क्रीममध्येही टार्ट्राझिन असू शकतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

अडचण सुट्ट्या मिठाईची आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेपाशी ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं बंधनकारक झालं. घटकांची यादी मात्र तिथे नसते. अशा वेळी विचारणं हाच मार्ग. ‘यात रंग कुठला घालता?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. जो दुकानदार डबी दाखवतो, त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही.

भारतात त्याला परवानगी आहे का?

आहे, पण सगळ्या पदार्थांत नाही आणि हवा तेवढाही नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याखालच्या २०११ च्या नियमांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली गेली. लाल छटेचे पॉन्सो ४आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन, पिवळे टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, निळे इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू, आणि हिरवा फास्ट ग्रीन. मिठाई, केक, बिस्किटं, गोळ्या-चॉकलेटं, आइस्क्रीम, सरबतं, जेली, कस्टर्ड पावडर अशा ठरावीक पदार्थांतच ते घालता येतात. नमकीनमध्ये तर मोजक्याच पदार्थांना मुभा आहे.

मर्यादा साधारणपणे तयार पदार्थाच्या एका किलोला १०० मिलिग्रॅम. काही पदार्थांना २०० पर्यंत सूट आहे. ही मर्यादा एकूण रंगाची आहे. दोन रंग मिसळून केशरी छटा केली म्हणून प्रत्येकी शंभर चालत नाही.

हळद, तिखट, डाळी, चहा, साधं दूध यांत कृत्रिम रंग अजिबात चालत नाही. हळद आणखी पिवळी करायला ‘मान्यताप्राप्त’ टार्ट्राझिन जरी घातला तरी ती भेसळच.

दिवसाला किती खाल्ला तर चालतो?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची एक संयुक्त तज्ज्ञ समिती आहे. तिने २०१६ मध्ये टार्ट्राझिनचा फेरविचार केला आणि आयुष्यभर रोज घेतली तरी चालेल अशी मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत ठरवली. आधी ती ७.५ होती, युरोपने २००९ च्या फेरतपासणीत ७.५ च कायम ठेवली. हा आकडा काढताना प्राण्यांवरच्या दीर्घ चाचण्यांत जी मात्रा निरुपद्रवी ठरली, तिला शंभराने भागलं जातं. म्हणजे आकड्यातच बरीच सावधगिरी धरलेली आहे.

आता घरातलं उदाहरण घेऊ. १५ किलो वजनाचं लेकरू. युरोपचा कडक आकडा धरला तर त्याची दिवसाची मर्यादा ११२ मिलिग्रॅम. नियमाप्रमाणे केलेल्या ५० ग्रॅमच्या मोतीचूर लाडवात जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम रंग असेल. पेलाभर रंगीत सरबतात फार तर २०. एक लाडू, एक सरबत आणि वर चार रंगीत गोळ्या खाऊनही ते मूल मर्यादेच्या बरंच आत राहतं.

पण हे सगळं गणित ‘नियमाप्रमाणे केलेल्या’ या दोन शब्दांवर उभं आहे. कढईपाशी रंग चिमटीने पडतो. चिमूटभर भुकटी पाव ते अर्धा ग्रॅम सहज भरते, म्हणजे २५० ते ५०० मिलिग्रॅम. एक किलो बुंदीला अशी एक चिमूट गेली तर, भुकटीत मीठ किंवा दुसरं काही मिसळलेलं आहे हे धरूनही, मर्यादा ओलांडलीच असं समजा. घाणा मनासारखा दिसला नाही म्हणून दुसरी चिमूट पडते. लखनौच्या भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थेच्या संशोधकांनी देशातल्या वेगवेगळ्या राज्यांतले नमुने तपासले, तेव्हा परवानगी असलेले रंगच मर्यादेबाहेर वापरल्याचं त्यांना वारंवार आढळलं. माझ्या मते आपल्याकडचा खरा प्रश्न हा आहे. रंग कायदेशीर, डबी कायदेशीर, आणि तरीही पदार्थ बेकायदा.

याचा सगळा भार मुलांवर पडतो. वजन कमी, आणि रंगीत तेच जास्त आवडतं.

रंगीत खाल्ल्याने मुलं चंचल होतात, हे खरं का?

काही मुलांच्या बाबतीत खरं असण्याची शक्यता आहे.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने ३ वर्षांची १५३ आणि ८-९ वर्षांची १४४ मुलं घेऊन प्रयोग केला. तो २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुलांना काही दिवस रंगांचं मिश्रण घातलेलं पेय आणि काही दिवस तसंच दिसणारं, पण रंग नसलेलं पेय दिलं. कोणत्या दिवशी काय, हे पालकांनाही माहीत नव्हतं. मिश्रण घेतलेल्या दिवसांत सरासरी चंचलपणा थोडा वाढला.

प्रयोगात अशी दोन मिश्रणं होती. दोन्हींत सोडियम बेंझोएट हा टिकवण्यासाठीचा पदार्थही होता आणि रंग चार-चार होते. दोनपैकी एकाच मिश्रणात टार्ट्राझिन होता. त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे त्या प्रयोगातून सांगता येत नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने परिणाम लहान आणि पुरावा मर्यादित असल्याचं म्हटलं. दुसरीकडे २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य-धोका मूल्यांकन कार्यालयाने उपलब्ध अभ्यास एकत्र पाहून सांगितलं, की कृत्रिम खाद्यरंगांमुळे काही मुलांच्या वागण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि आजच्या सुरक्षित मात्रा ज्या जुन्या चाचण्यांवर ठरल्या, त्या वागणं मोजण्यासाठी आखलेल्याच नव्हत्या. हा दुसरा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

तुमचं मूल आधीच अतिचंचल असेल किंवा वाढदिवसाच्या पार्टीनंतर त्याच्यात फरक दिसतो असं तुम्हाला वाटत असेल, तर दोन-तीन आठवडे रंगीत पदार्थ बंद करून बघा आणि रोज वहीत नोंद ठेवा. साखर, जागरण आणि गर्दी यांचाही परिणाम असतो, तोही लिहा. ती वही बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रंग बंद केल्याने मुलाचं पोषण तसूभरही कमी होत नाही.

युरोप-अमेरिकेत यावर बंदी आहे ना?

सरसकट बंदी नाही. साउथॅम्प्टनच्या प्रयोगानंतर युरोपीय संघाने सहा रंगांसाठी इशारा सक्तीचा केला. २० जुलै २०१० पासून टार्ट्राझिन असलेल्या पाकिटावर ‘मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्यावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो’ या अर्थाचं वाक्य छापावं लागतं. असं वाक्य छापण्यापेक्षा अनेक कंपन्यांनी रंगच बदलला. त्यामुळे तिकडच्या पाकिटात हळद-गाजराचा रंग आणि इकडे १०२, असं दिसू शकतं. पुण्याच्या आईबाबांना याचा राग येतो आणि तो रास्तच आहे. आपल्याकडे तो इशारा बंधनकारक नाही. तो असायला हवा असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये सरकारी शाळांच्या खाण्यातून टार्ट्राझिनसह सहा रंग काढण्याचा कायदा केला, तो २०२७ च्या अखेरीस लागू होणार असं ठरलं. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय आरोग्य खात्याने उद्योगांना बरोबर घेऊन खनिज तेलापासूनचे खाद्यरंग टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली.

अंगावर पित्त उठतं, दमा वाढतो, असं ऐकलं आहे.

अंगावर पित्त उठण्याचा त्रास होतो, पण फार थोड्यांना. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या मते दहा हजारांत एकापेक्षाही कमी लोकांना. ॲस्पिरिन न चालणाऱ्यांनी जास्त जपावं असं पूर्वीपासून सांगितलं जातं. दम्याच्या बाबतीत मात्र टार्ट्राझिन टाळल्याने सगळ्याच रुग्णांना फायदा होतो असं अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसलं नाही. ज्याला खाल्ल्यावर खाज, गांधी, ओठ सुजणं किंवा धाप लागणं असा अनुभव येतो, त्याने तो पदार्थ थांबवावा आणि डॉक्टरांना पाकीट दाखवावं. धाप लागली तर वाट न बघता दवाखाना गाठावा.

कॅन्सर होतो का?

टार्ट्राझिनने माणसाला कॅन्सर होतो असं दाखवणारा पुरावा नाही. उंदीर-घुशींना दीर्घकाळ मोठ्या मात्रेत देऊन केलेल्या चाचण्यांतही तसं दिसलं नाही, आणि संयुक्त तज्ज्ञ समिती व युरोपची संस्था या दोघींनी तेच नोंदवलं आहे. कॅन्सरची जी भीती लोकांच्या मनात आहे, तिचं मूळ पुढच्या प्रश्नात आहे.

मग ‘मेटॅनिल यलो’ हा टार्ट्राझिनच का?

नाही, आणि ही गल्लत सगळ्यात महाग पडते. मेटॅनिल यलो हा कापड-कातडं रंगवण्याचा औद्योगिक रंग आहे. खाण्यात त्याला कसलीही परवानगी नाही. तो स्वस्त, भडक आणि दिसायला टार्ट्राझिनसारखाच पिवळा, म्हणून हळद, डाळ, बेसन आणि हलक्या दर्जाच्या मिठाईत सापडत आला आहे. गुलाबी ऱ्होडामिन बी, हिरवा मॅलाकाइट ग्रीन, पिवळा ऑरामिन ही त्याचीच भावंडं. हळदीत घातलं जाणारं लेड क्रोमेट तर त्याहून वाईट, कारण त्यातून शिसं पोटात जातं आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाने बाधा येते.

पुडीत बांधून मिळणारा, नाव-गाव नसलेला ‘मिठाईचा रंग’ कधीही घेऊ नका. तो नेमका कोणता आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हळद, डाळ घरी कशी तपासायची?

ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा हळद टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी झपाट्याने गडद पिवळं झालं तर शंका घ्या. तूरडाळ किंवा चणाडाळ पाण्यात टाकताक्षणी पाणी पिवळं झालं तरी तेच. हिरवे वाटाणे अर्धा तास भिजवून पाण्याचा रंग बघा. केशराची काडी कोमट पाण्यात रंग सावकाश सोडते. टाकल्याबरोबर पाणी लालभडक झालं तर ते केशर नव्हे.

मेटॅनिल यलोसाठी प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात. गुलाबी रंग येतो आणि पाणी घातल्यावरही टिकतो. शुद्ध हळदीचा आलेला गुलाबीपणा पाणी घातल्यावर जातो. हे घरी संडास धुण्याचं ॲसिड वापरून करू नका. घरच्या तपासणीतून संशय येतो एवढंच. रंग कोणता आणि किती, हे प्रयोगशाळाच सांगते.

गाडीवरचं मंचुरियन, बिर्याणी, म्हातारीचे केस?

मंचुरियन, बिर्याणी, कबाब, तंदुरी यांना कृत्रिम रंगाच्या परवानगीच्या यादीत जागाच नाही. लालभडक मंचुरियन दिसलं की समजा, तो रंग मिरचीचा नाही. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग आणि रंगीत म्हातारीचे केस यांवर, आणि जूनमध्ये कबाबांतल्या रंगांवर बंदी आणली. त्याआधी फेब्रुवारीत तमिळनाडूने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, कारण त्यात ऱ्होडामिन बी सापडला होता. सारसबागेपाशी किंवा जत्रेत मूल हट्ट करत असेल तर पांढरे घ्या.

मी घरून मिठाई आणि केक विकते. रंग किती घालू?

आधी शक्य तिथे घालूच नका. गिऱ्हाईक फिक्या रंगाला नाक मुरडेल ही भीती असते, पण ‘रंग घातलेला नाही’ असं पाकिटावर लिहिलं की पुण्यात तोच माल मागून नेणारे भेटतात. ते लिहिलंत तर पाळा मात्र काटेकोरपणे.

घालायचाच असेल तर मोजून घाला. दहा किलो तयार मालाला जास्तीत जास्त १ ग्रॅम शुद्ध रंग, हा हिशेब डोक्यात पक्का ठेवा. एक किलोला लागणारे १०० मिलिग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाहीत, म्हणून १ ग्रॅम रंग १०० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. त्याच्या १० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम रंग येतो. तेवढी एका किलोची कमाल मर्यादा. खरं तर ३-४ मिलिलिटरमध्येही छटा पुरेशी उतरते. द्रावण रोज ताजं करा. डबीवर शुद्ध रंगाचं प्रमाण दिलेलं असेल तर त्याप्रमाणे हिशेब बदला. बुंदीच्या पिठात घालून पुन्हा पाकात घालण्याची सवय सोडा, दोन्ही मिळून एकच मर्यादा आहे.

रविवार पेठेतून किंवा केकच्या सामानाच्या दुकानातून डबी घेताना तिच्यावर रंगाचं नाव, आयएनएस क्रमांक, बॅच, तारीख आणि उत्पादकाचा १४ अंकी परवाना क्रमांक बघा. बिल ठेवा. तुमच्या स्वतःच्या व्यवसायालाही नोंदणी लागते, आणि पाकिटावर रंगाचा उल्लेख करावा लागतो.

नैसर्गिक रंग म्हणजे बिनधास्त ना?

नैसर्गिक म्हणजे अमर्याद नव्हे. हळदीतल्या कर्क्युमिनची ठरवलेली दैनंदिन मात्रा दर किलो वजनाला ३ मिलिग्रॅम आहे, टार्ट्राझिनपेक्षा कमी! घाबरू नका, भाजीतल्या हळदीत कर्क्युमिन थोडंच असतं. अॅनाटो या बियांच्या रंगानेही एखाद्याला ॲलर्जी होते. तरीही घरच्या स्वयंपाकात केशर, हळद, आंब्याचा रस, बीट, पालक हेच वापरावं. साखरभाताला चार काड्या केशर दुधात खलून घातलं की पिवळेपणाही येतो आणि वासही. टार्ट्राझिन फक्त रंग देतो.

औषधांतही असतो म्हणे?

हो. गोळ्यांचं आवरण, कॅप्सूल, मुलांची सिरपं यांत असू शकतो. औषधांत कोणते रंग चालतील याची यादी औषध नियमावलीच्या नियम १२७ मध्ये आहे. रंगाची ॲलर्जी असेल तर डॉक्टर आणि औषध दुकानदार दोघांनाही सांगा. मनाने गोळी बंद करू नका.

या रंगाने उंदराची कातडी पारदर्शक झाली, ती बातमी खरी?

खरी. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते संशोधन आलं. टार्ट्राझिनचं तीव्र द्रावण उंदराच्या कातडीवर चोळल्यावर प्रकाश कमी विखुरला आणि आतले अवयव दिसू लागले. धुतल्यावर कातडी पूर्ववत झाली. त्याचा जिलबी खाण्याशी संबंध नाही, आणि घरी अंगाला चोळून बघायचं तर मुळीच नाही.

तक्रार कुठे करायची?

पुण्यात अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) निःशुल्क क्रमांक १८००११२१०० आहे, आणि ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवरही तक्रार करता येते. दुकानाचं नाव-पत्ता, तारीख, बिलाचा फोटो द्या, आणि उरलेला पदार्थ बंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. तुमचा डबा हा कायदेशीर नमुना ठरत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः दुकानातून नमुना घेतात, त्याचे चार भाग करतात, आणि विश्लेषकाला १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. अट अशी, की तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगितला पाहिजे. माल नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळतं. सोसायटीच्या गणेश मंडळाने प्रसादाची मोठी ऑर्डर देताना चार जणांनी मिळून हा खर्च करायला काहीच हरकत नाही. निकृष्ट माल विकणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि असुरक्षित ठरला तर तुरुंगवासही.